जुन्या कॉम्प्युटरचं विंडोज नव्या कॉम्प्युटरवर नेता येतं का? लायसन्सचा सगळा हिशेब एका ठिकाणी

भंडारा : विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली. तेव्हापासून सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान, फोटो स्टुडिओ, कृषी केंद्र, शाळा आणि घरोघरचे लॅपटॉप यांच्यासमोर एकच प्रश्न आहे. जुना कॉम्प्युटर बदलायचा, पण त्यातलं विंडोज पैसे देऊनच घेतलं होतं ना? मग तेच नव्यावर टाकलं तर चालेल का?

दुकानात विचारलं की दोन टोकाची उत्तरं मिळतात. एक म्हणतो, "होते ना, पाचशे रुपये द्या." दुसरा म्हणतो, "नाही होत, नवीनच घ्या." खरं उत्तर या दोघांच्या मध्ये आहे. विंडोज एकाच प्रकारचं विकलं जात नाही. कोणत्या प्रकारचं घेतलं, त्यावर ते हलवता येईल की नाही हे ठरतं. हे माहीत नसलं तर एक तर हक्काचं लायसन्स वाया जातं, नाही तर खोट्या लायसन्सवर पैसे जातात. आणि ज्या कॉम्प्युटरवर लोकांचे आधार, बँक पासबुक, सातबारा आणि अंगठ्याचे ठसे हाताळले जातात, त्यावर खोटं लायसन्स असणं म्हणजे सगळ्या गावाची जोखीम.

लायसन्स म्हणजे नेमकं काय

विंडोज विकत घेतलं म्हणजे ते आपल्या मालकीचं झालं असं नाही. मालक मायक्रोसॉफ्टच राहतो. आपल्याला मिळते ती वापरायची परवानगी, आणि ती काही अटींवर असते. त्या परवानगीलाच लायसन्स म्हणतात. तिचा पुरावा म्हणजे २५ अक्षरं-आकड्यांची चावी. पाच-पाचचे पाच गट असतात. इंग्रजीत तिला प्रॉडक्ट की म्हणतात.

२००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं, त्याच्या आधी एकच सीडी दहा कॉम्प्युटरवर टाकली तरी अडवणारं कोणी नव्हतं. एक्सपीपासून ॲक्टिव्हेशन सुरू झालं. म्हणजे चावी टाकल्यावर कॉम्प्युटर कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, की ही चावी खरी आहे का आणि दुसरीकडे चालू आहे का. विंडोज १० पासून आणखी एक बदल झाला. बहुतेक कॉम्प्युटरवर चावी पुन्हा टाकावीच लागत नाही. त्या मशीनची ओळख, मुख्यतः मदरबोर्डची, कंपनीकडे नोंदवली जाते. याला डिजिटल लायसन्स म्हणतात. म्हणूनच त्याच मशीनवर विंडोज दहा वेळा टाकलं तरी ते आपोआप ॲक्टिव्ह होतं, आणि मदरबोर्ड बदलला की ओळख हरवते.

तीन प्रकार समजून घ्या

शेतातलं उदाहरण घेऊ. विहिरीवरचं वीज कनेक्शन त्या जागेवरच राहतं. शेत विकलं तर कनेक्शन शेताबरोबर जातं. उचलून दुसऱ्या गावच्या बांधीत नेता येत नाही. डिझेल इंजिनाचं तसं नाही. ते बंडीवर टाकून कुठेही न्या, फक्त एका वेळी एकाच ठिकाणी चालेल. विंडोजमध्येही असेच दोन मुख्य प्रकार आहेत, आणि तिसरा संस्थांचा.

पहिला, ओईएम. कंपनीचा लॅपटॉप किंवा तयार कॉम्प्युटर घेतला आणि त्यात विंडोज आधीच टाकलेलं आलं, तर ते ओईएम. एचपी, डेल, लेनोव्हो, एसर, आसुस यांच्या मशीनबरोबर येतं ते हेच. हे विहिरीवरच्या कनेक्शनसारखं आहे. पहिल्यांदा ज्या मशीनवर टाकलं, त्याच मशीनवर ते आयुष्यभर चालेल. मशीन विकलं तर लायसन्स मशीनबरोबर नव्या मालकाकडे जातं. पण ते काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेता येत नाही. गावात वापरात असलेले बहुतेक लॅपटॉप याच प्रकारात येतात.

दुसरा, रिटेल. डबाबंद विंडोज दुकानातून वेगळं घेतलं, किंवा मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पैसे भरून घेतलं, तर ते रिटेल. हे डिझेल इंजिनासारखं. तुमच्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवर ते नेता येतं. अट एकच, जुन्या कॉम्प्युटरवरून ते काढलं पाहिजे. दोन्हीकडे एकाच वेळी वापरता येत नाही.

तिसरा, व्हॉल्यूम. मोठ्या कंपन्या, बँका, सरकारी कार्यालयं, विद्यापीठं एकत्र लायसन्स घेतात. ते संस्थेचं असतं. तिथला कर्मचारी ते घरी नेऊ शकत नाही. अशा कार्यालयाचा जुना लॅपटॉप लिलावात किंवा सेकंडहँड बाजारात विकला गेला तर संस्थेचं व्हॉल्यूम लायसन्स त्याच्याबरोबर येत नाही. मात्र लॅपटॉप कंपनीकडून आला तेव्हा त्यात जे ओईएम लायसन्स होतं, ते मशीनबरोबर राहतं.

आपलं कोणतं आहे हे कसं ओळखायचं

आधी बाहेरून पाहा. विंडोज ७ च्या काळातल्या मशीनवर कॅबिनेटच्या बाजूला किंवा लॅपटॉपच्या पोटाला एक चमकदार स्टिकर असतं. त्यावर २५ अक्षरांची चावी छापलेली असते. हे ओईएमचं लक्षण. विंडोज ८ पासून मोठ्या कंपन्यांनी चावी स्टिकरवर छापणं बंद केलं आणि ती मदरबोर्डच्या चिपमध्येच घालून पाठवायला सुरुवात केली. त्यामुळे नव्या लॅपटॉपवर चावी दिसत नाही म्हणजे लायसन्स नाही, असं समजू नका. रिटेलची खूण म्हणजे वेगळा डबा, चावीचं कार्ड, किंवा चावीचा ई-मेल, आणि त्याचं वेगळं बिल.

आतून पाहायचं असेल तर स्टार्टच्या शोधपट्टीत सीएमडी ही तीन अक्षरं इंग्रजीत टाइप करा. काळी खिडकी उघडेल. तिथे इंग्रजी अक्षरांत एस-एल-एम-जी-आर लिहा, एक जागा सोडा, मग तिरपी रेघ म्हणजे स्लॅश आणि त्याला लागून डी-एल-आय लिहून एंटर दाबा. थोड्या वेळात एक छोटी चौकट येते. तिच्यात दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत चॅनल लिहिलेलं असतं.

ओईएम असं दिसलं तर लायसन्स मशीनला बांधलेलं आहे. रिटेल दिसलं तर हलवता येण्याची शक्यता आहे. व्हॉल्यूम दिसलं आणि मशीन तुम्ही बाजारातून घेतलेलं घरचं असेल, तर सावध व्हा. व्हॉल्यूमच्या पुढे केएमएस लिहिलं असेल तर ते संस्थेच्या सर्व्हरशी जोडून १८० दिवसांपुरतं ॲक्टिव्ह होणारं विंडोज आहे. घरच्या कॉम्प्युटरवर ते दिसणं म्हणजे कोणीतरी खोटं ॲक्टिव्हेटर चालवलं असण्याची दाट शक्यता.

इथे एक मोठी फसगत होते. विंडोज ७ किंवा ८.१ वरून विंडोज १० मोफत अपग्रेड केलेल्या मशीनवरही रिटेल असंच दिसतं. पण मूळ लायसन्स ओईएम असेल तर अपग्रेड झालेलंही त्याच मशीनपुरतं राहतं. ओळखायची खूण अशी. त्याच चौकटीत चावीची शेवटची पाच अक्षरं दिसतात. ती ३-व्ही-६-६-टी किंवा ८-एच-व्ही-एक्स-७ असतील, तर ती तुमची स्वतःची चावी नाही. पहिली विंडोज प्रोची आणि दुसरी होमची सर्वसाधारण चावी आहे, जी लाखो मशीनवर सारखीच असते. ती नव्या मशीनवर टाकून ॲक्टिव्ह होत नाही.

विंडोज ७ आणि ८ च्या जुन्या चाव्यांचं काय

विंडोज १० हे २९ जुलै २०१५ ला आलं, तेव्हा विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांना एक वर्ष मोफत अपग्रेड दिलं होतं. जाहीर मुदत २९ जुलै २०१६ ला संपली. पण त्यानंतरही कित्येक वर्षं जुन्या स्टिकरवरची विंडोज ७ ची चावी टाकली की विंडोज १० ॲक्टिव्ह होत होतं. दुकानदार हेच करायचे. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही वाट बंद केली. आता विंडोज ७ किंवा ८ ची चावी नव्या विंडोज १० किंवा ११ ला चालत नाही. ज्यांनी आधीच अपग्रेड केलं होतं, त्यांच्या त्याच मशीनवर मात्र ते चालू राहतं.

मग विंडोज ७ चं रिटेल पॅक असलेल्यांनी नव्या मशीनवर विंडोज ७ च टाकलं तर? लायसन्सची अट आडवी येत नाही, पण उपयोग नाही. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला आणि ८.१ चा १० जानेवारी २०२३ ला संपला. नव्या प्रोसेसरना त्याचे ड्रायव्हरही मिळत नाहीत. नेटला जोडलेल्या कॉम्प्युटरवर, तेही बँकेचं काम करणाऱ्या, आज विंडोज ७ ठेवूच नये.

तीन उदाहरणं

समजा लाखांदूर तालुक्यातल्या एका सेवा केंद्रात २०१८ चा कंपनीचा लॅपटॉप आहे. विंडोज १० त्याच्याबरोबरच आलं. मे-जूनच्या विजांच्या कडकडाटात चार्जरमधून झटका बसला आणि मदरबोर्ड जळाला. आता नवा लॅपटॉप घेतला तर जुन्याचं विंडोज त्यावर येणार नाही, कारण ते ओईएम आहे. पण त्याच लॅपटॉपला बिघाडामुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने त्याच मॉडेलचा किंवा कंपनीने ठरवलेला बदली मदरबोर्ड बसवला, तर लायसन्स कायम राहतं. वाटेल तो बोर्ड बसवून मशीन अपग्रेड केलं तर मात्र ते नवं मशीन धरलं जातं. म्हणून दुरुस्तीचं बिल घ्या आणि त्यावर मदरबोर्ड बदलल्याचं लिहून घ्या.

समजा पवनीतल्या एका फोटो स्टुडिओवाल्याने असेंबल केलेला कॉम्प्युटर घेतला आणि विंडोज १० प्रोचं डबाबंद पॅक वेगळं विकत घेतलं. बिल आणि चावीचं कार्ड आहे. आता तो नवा असेंबल पीसी घेतो. हे रिटेल आहे. जुन्यावरून काढून नव्यावर नेता येईल, आणि विंडोज १० प्रोची ही चावी विंडोज ११ प्रोलाही चालते. नव्याने पैसे भरायची गरज नाही.

समजा साकोलीच्या एका विद्यार्थ्याने नागपूरहून कार्यालयातून निघालेला सेकंडहँड लॅपटॉप आणला. विक्रेता म्हणाला, "विंडोज प्रो ओरिजिनल आहे." सहा महिन्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' असं दिसायला लागलं. म्हणजे आधी ते व्हॉल्यूम किंवा खोट्या ॲक्टिव्हेशनवर चालू होतं. अशा वेळी लॅपटॉपसोबत मुळात कोणतं विंडोज आलं होतं ते पाहावं. चिपमध्ये विंडोज होमची चावी असेल तर होम टाकल्यावर ते आपोआप ॲक्टिव्ह होईल. लॅपटॉप एक रुपया न देता कायदेशीर होतो. फक्त प्रोचा हट्ट सोडावा लागतो.

रिटेल लायसन्स हलवण्याची पद्धत

घाई करू नका. धान खरेदीची नोंदणी, पीक विम्याची शेवटची तारीख किंवा शिष्यवृत्तीचे फॉर्म चालू असताना हे काम काढूच नका. सुट्टीच्या दिवशी, लाइट टिकेल अशा वेळी करा. क्रम असा ठेवा.

१. आधी माल काढा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि फोटो हे फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर घ्या. कॉपी झाल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर दोन-चार फाइल उघडून पाहा. कृतिदेवमध्ये टाइप केलेली जुनी कागदपत्रं असतील तर तो फाँटही सोबत घ्या, नाही तर नव्या मशीनवर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल.

२. चावी शोधा. डब्यातलं कार्ड, ई-मेल किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यातली खरेदीची नोंद. २५ अक्षरं वहीत लिहून ठेवा. बी आणि ८ यात गल्लत होते, नीट पाहा.

३. विंडोजचा प्रकार नोंदवा. होम, होम सिंगल लँग्वेज, प्रो यापैकी जो असेल तोच नव्यावर टाकायचा. होमची चावी प्रोवर चालत नाही, आणि प्रोची होमवर टाकली तर ते प्रोमध्ये बदलायला निघतं. सेटिंग्जमध्ये सिस्टम आणि मग अबाउट इथे हे दिसतं.

४. जुना कॉम्प्युटर मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडा. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, ॲक्टिव्हेशन असं जा. डिजिटल लायसन्स तुमच्या खात्याशी जोडलेलं आहे असं तिथे इंग्रजीत लिहून आलं पाहिजे. खातं स्वतःच्या मोबाईल नंबरवर असावं. दुकानदाराच्या खात्यावर जोडलं तर उद्या लायसन्स सोडवायला त्याच्याच दारात जावं लागेल.

५. जुन्यावरून चावी काढा. सीएमडी वर राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. मघाचेच एस-एल-एम-जी-आर, एक जागा, स्लॅश आणि यू-पी-के लिहा. चावी काढल्याचा निरोप येईल. त्यानंतर जुनं विंडोजही पुसायचं आहे, पण नवं मशीन नीट चालू झाल्यावरच.

६. नव्यावर विंडोज टाका. किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साइटवर मीडिया क्रिएशन टूल मोफत मिळतं, त्याने इन्स्टॉलर बनवा. गावातल्या कोणाच्याही पेन ड्राइव्हमधलं विंडोज टाकू नका. त्यात काय मिसळलं आहे ते कळत नाही.

७. चावी टाका. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन, चेंज प्रॉडक्ट की. इंटरनेट चालू ठेवा. मोबाईलचा हॉटस्पॉट चालतो.

८. नाही झालं तर त्याच पानावर ट्रबलशूट दाबा. हार्डवेअर नुकतंच बदललं आहे, हा पर्याय निवडा, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करा आणि यादीतून जुना कॉम्प्युटर निवडा. तरीही अडलं तर गेट हेल्प या ॲपमधून कंपनीच्या मदत कक्षाशी बोला. बिल जवळ ठेवा. लायसन्स पुन्हा ॲक्टिव्ह करण्याच्या वेळांना मर्यादा असते, म्हणून एकाच दिवशी पाच-पाच मशीनवर प्रयोग करू नका.

विंडोजबरोबर आणखी काय हलवावं लागतं

सेवा केंद्र किंवा दुकान चालवणाऱ्याचं काम फक्त विंडोजवर थांबत नाही. टॅली असेल तर जुन्या कॉम्प्युटरवर आधी लायसन्स सरेंडर करा, मगच नव्यावर ॲक्टिव्हेट करा. जुना कॉम्प्युटर फॉरमॅट करून टाकला आणि सरेंडर राहिलं, तर टॅलीच्या मदत कक्षाला फोन करत बसावं लागतं. अँटिव्हायरसचंही तसंच, जुन्यावरून काढताना लायसन्स डीॲक्टिव्हेट झालं का ते पाहा.

डिजिटल सहीचा टोकन यूएसबीवर असतो. तो नव्या मशीनला लावून फक्त ड्रायव्हर टाकावा लागतो. मात्र पिन आठवणीत हवा. चुकीचा पिन पुन्हा पुन्हा टाकला तर टोकन लॉक होतं. आधारच्या अंगठा मशीनला नव्या कॉम्प्युटरवर ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस पुन्हा टाकावी लागते. ती मशीनच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या.

मायक्रोसॉफ्ट ऑफिस हे वेगळं लायसन्स आहे. विंडोज हललं म्हणून वर्ड-एक्सेल आपोआप येत नाही. नव्या लॅपटॉपबरोबर आलेलं ऑफिस पहिल्या वेळी ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने उघडलं, त्या खात्याला चिकटतं. ते खातं कोणाचं आहे हे लिहून ठेवा.

सरकारी योजनेतून मिळालेल्या मशीनला हात लावण्याआधी विचारा. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटींची योजना केंद्राने जून २०२२ मध्ये मंजूर केली. त्यात ६३ हजार संस्था धरल्या होत्या. सेवा सहकारी संस्था, ग्रामपंचायत किंवा शाळेला मिळालेला कॉम्प्युटर आणि त्यातलं सॉफ्टवेअर हे सचिवाचं, ऑपरेटरचं किंवा गुरुजींचं नसतं. वरिष्ठ कार्यालयाला लेखी कळवल्याशिवाय त्यावर नवं विंडोज टाकू नये.

पाचशे रुपयांची चावी

नेटवर तीनशे-पाचशे रुपयांत विंडोज प्रोची चावी मिळते, आणि टाकल्यावर ॲक्टिव्हही होते. म्हणून लोकांना वाटतं ती खरी आहे. ॲक्टिव्ह होणं वेगळं आणि लायसन्स असणं वेगळं. अशा चाव्यांत कुठल्या तरी संस्थेची व्हॉल्यूम चावी, जुन्या भंगार मशीनची ओईएम चावी किंवा चोरलेल्या कार्डाने घेतलेली चावी असू शकते. कंपनीच्या लक्षात आलं की ती बंद होते. विकणारा तेव्हा सापडत नाही.

त्याहून धोक्याचं म्हणजे फुकटचं ॲक्टिव्हेटर. ते चालवण्याआधी "अँटिव्हायरस बंद करा" असं सांगतात. म्हणजे चौकीदाराला सुट्टी देऊन अनोळखी माणसाला घरात घ्यायचं. त्यातून पासवर्ड चोरणारं सॉफ्टवेअर आत आलं तर ज्या कॉम्प्युटरवर रोज माणसं पैसे काढतात आणि ओटीपी टाकतात, तिथे काय होईल हे सांगायला नको.

कायदाही आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-बी प्रमाणे, नकली आहे हे माहीत असून संगणक प्रोग्राम वापरला तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापरलं नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंड करू शकतं. म्हणजे घरी वापरणाऱ्याला थोडी सवलत मिळू शकते, पण दुकान-केंद्रवाल्याला तिचा आधार नाही.

हलवता येत नसेल तर काय करायचं

जुनं मशीन अजून चांगलं असेल तर नवं घेण्याआधी तेच विंडोज ११ ला चालतं का ते पाहा. ६४ बिटचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० ही चिप लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा चालतो. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे मोफत ॲप हो की नाही सांगतं. चालत असेल तर विंडोज १० वरून ११ वर जायला पैसे लागत नाहीत, ओईएम असलं तरी.

चालत नसेल तर घरगुती वापराच्या विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती मोफत मिळते. नाही तर ३० डॉलर भरावे लागतात. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो. हा कायमचा इलाज नाही. पण एक हंगाम निघतो आणि पैशाची जुळवाजुळव करता येते.

तिसरा रस्ता लिनक्सचा. उबुंटू, लिनक्स मिंट, किंवा सी-डॅकने बनवलेलं भारतीय बॉस हे मोफत आहे. चावी लागत नाही, कितीही मशीनवर टाका. अभ्यास, टायपिंग, व्हिडिओ, ब्राउझरमधली कामं यासाठी जुना लॅपटॉप त्यावर चांगला चालतो. पण अंगठा मशीन, डिजिटल सही, टॅली असं काम असेल तर आधी त्या-त्या कंपनीचं लिनक्ससाठी सॉफ्टवेअर आहे का ते विचारूनच ठरवा.

नवं घेताना आणि जुनं देताना

नव्या लॅपटॉपच्या खोक्यावर डॉस किंवा फ्रीडॉस लिहिलेलं असेल तर त्यात विंडोज नाही. म्हणूनच तो स्वस्त असतो. दुकानदार "टाकून देतो" म्हणाला तर कोणतं लायसन्स टाकणार ते विचारा आणि बिलावर विंडोजचं नाव, होम की प्रो, हे लिहून घ्या. बिलात विंडोज आहे आणि मशीनमध्ये खोटं निघालं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते. पैशाची ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

जुना कॉम्प्युटर विकताना रीसेट धिस पीसी मधून सगळं काढा आणि ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडा. नुसतं डिलीट केलेलं परत काढता येतं. ओईएम मशीन असेल तर काळजी नको, रीसेटने लायसन्स जात नाही. नव्या मालकाला तेच विंडोज ॲक्टिव्ह मिळेल, आणि तसं सांगितलं तर किंमतही थोडी बरी येते. रिटेल लायसन्स तुम्ही काढून नेलं असेल तर घेणाऱ्याला ते स्पष्ट सांगा. मशीन अगदीच मेलं असेल तर हार्ड डिस्क काढून ठेवा आणि बाकीचं अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याला द्या. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, उकिरड्यावर जाळणं त्यात बसत नाही.

थोडक्यात

लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोज : नव्यावर नेता येत नाही. मशीनबरोबर विकता येतं.

वेगळं विकत घेतलेलं, बिल आणि चावी असलेलं : नेता येतं, जुन्यावरून काढून.

कार्यालयाचं किंवा शाळेचं : घरी नेता येत नाही.

विंडोज ७ किंवा ८ ची चावी : नव्या मशीनवर १० किंवा ११ साठी चालत नाही.

मोफत अपग्रेड झालेलं : मूळ लायसन्स ज्या प्रकारचं, त्याच प्रकारचं धरायचं.

बिघाडाने मदरबोर्ड बदलला : कंपनीने बदलून दिला असेल तर लायसन्स टिकतं, कागद जपून ठेवा.

कॉम्प्युटरचं बिल, चावीचं कार्ड, मायक्रोसॉफ्ट खात्याचा ई-मेल आणि टॅलीचा सिरीयल नंबर या चार गोष्टींची एक फाइल करा, आणि सातबारा-कर्जाची कागदं जिथे ठेवता तिथेच ती ठेवा. मशीन बंद पडतं तेव्हा त्याच्या आतलं काही पाहता येत नाही, हाती उरतो तो कागदच.